साडेपाच सेंटिमीटरची कडी

कृषी अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाई चौदा वर्षं फळ्यावर एकच वाक्य लिहीत आल्या होत्या : ‘शेतातून निघालेल्या भाजीपाल्यापैकी चाळीस टक्के माल वाटेत आणि बाजारात वाया जातो.’ वाक्य लिहायचं, चाळीसखाली दोन रेघा मारायच्या आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचं. मुलंही वहीत दोन रेघा मारायची. परीक्षेत तो आकडा हमखास दोन मार्क मिळवून द्यायचा.

त्या वर्षी दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. तासाला तिचा हात एकदा तरी वर गेल्याशिवाय राहत नसे, म्हणून वर्गाने तिचं नाव ‘शंका’ ठेवलं होतं. त्या दिवशीही हात वर गेला.

“मॅडम, हा माल मोजला कुणी?”

“पुस्तकात आहे तसं,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे पुस्तकवाल्यांनी मोजला?”

वर्ग हसला. बाईही हसल्या, पण तास संपल्यावर घरी न जाता तडक ग्रंथालयात गेल्या. चार दिवस त्या धूळ झटकत बसल्या. पुस्तकाने एका अहवालाचा हवाला दिला होता, अहवालाने एका लेखाचा, त्या लेखाने आणखी जुन्या लेखाचा. सगळ्यांच्या तळाशी निघालं एकतीस वर्षांपूर्वीच्या एका परिसंवादातलं सहा पानी टिपण. त्याच्या पाचव्या पानावर एवढंच होतं : ‘अंदाजे चाळीस टक्के.’ ना तक्ता, ना तळटीप. बाईंनी मागे पहिल्या पानावर जाऊन लेखकाचं नाव पाहिलं. ज्यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली, ज्यांच्यासमोर आजही त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा, त्या सरांचंच ते टिपण होतं.

विभागप्रमुख माणूस भला, पण संगणकाच्या पडद्याबाहेरही शेती असते यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. शेतीखातं बांधणार असलेल्या मोठ्या शीतगोदामाचे ते सल्लागार होते आणि ती सगळी योजना चाळीस टक्क्यांच्या पायावर उभी होती.

बाईंनी त्यांना सांगितलं, तो आकडा आता स्वतः मोजायचा, सुरुवात टोमॅटोपासून.

“या वयात टोमॅटो मोजत फिरणार तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“वय नाही सर, टोमॅटोचं वजन मोजणार.”

“निधी मिळणार नाही.”

“मी मागितलाच नाही. प्रात्यक्षिकाचे तास तेवढे शेतात घेऊ द्या.”

त्यांनी खांदे उडवले, तीच परवानगी समजून बाईंनी कंबर कसली. मोठा वजनकाटा विभागात नव्हता. क्रीडा विभागात कुस्तीगिरांची वजनं घ्यायचा एक होता, तो त्यांनी गोड बोलून पळवला. रोज सकाळी वीस किलोचं लोखंडी वजन ठेवून तो तपासायचा, मगच कामाला लागायचं, हा नियम. एकोणीस विद्यार्थी, अकरा आठवडे, सहाशे क्रेट. प्रत्येक क्रेटवर पांढऱ्या रंगाने नंबर. शेतात वजन, ट्रकमध्ये चढवताना वजन, बाजारात उतरवल्यावर वजन, शेवटी विक्रेत्याच्या टेबलावर वजन, आणि दरवेळी सडके-फुटके वेगळे काढून त्यांचं निराळं वजन. पहिल्या आठवड्यात ट्रकवाले वैतागले. तिसऱ्या आठवड्यात तेच लांबून ओरडू लागले, “अहो मॅडम, चारशे बारा नंबर राहिला की तुमचा!” वजन करून झालेला मऊ माल मुलं बाईंच्या घरी पोचवायची. बाईंच्या आईने तीन आठवडे सूप केलं, चौथ्या आठवड्यात हात टेकले.

“तुझं संशोधन कधी संपतंय ते सांग,” आई म्हणाली. “नाहीतर पुढच्या वेळी कशावर तरी हिरव्यावर कर.”

नवव्या आठवड्यात बाईंनी आतापर्यंतची बेरीज केली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शेतापासून टेबलापर्यंत क्रेटमधला माल वाया जात होता शंभरात फक्त नऊ. तीनदा बेरीज केली, शंकाकडून चौथ्यांदा करून घेतली. नऊ. मग बाकीचा माल जात होता कुठे? की सरांचं सगळंच चुकलं होतं?

उत्तर मिळालं एका शेतकरीणबाईंकडे. मुलं त्यांना काकू म्हणायची. त्या दिवशी काकू कमरेवर हात ठेवून मुलांची लगबग बघत होत्या.

“क्रेट मोजताय ते ठीक,” त्या म्हणाल्या. “पण क्रेटमध्ये जे शिरलंच नाही, ते कोण मोजणार?”

त्यांनी शेडच्या मागे नेऊन दाखवलं. पुरुषभर उंचीचा टोमॅटोचा ढीग. त्यातले निम्मे अजून तुकतुकीत, टणक, बोट दाबलं तरी न दबणारे.

“यांना काय झालंय?” शंकाने विचारलं.

“काही झालेलं नाही. लहान आहेत, एवढंच.” काकूंनी खिळ्याला टांगलेली पोलादी कडी काढली. “बाजार समितीची कडी. साडेपाच सेंटिमीटर. जो टोमॅटो हिच्यातून खाली पडला, तो बाजाराला चालत नाही.”

“पण का?”

“ते मला काय विचारतेस बाळा, त्यांना विचार.”

शंकाला एवढं पुरेसं होतं. ती बाजार समितीच्या सचिवांकडे गेली. त्यांना माहीत नव्हतं. नियम आहे एवढंच ठाऊक. त्यांनी जुन्या गोदामपालाकडे बोट दाखवलं. म्हातारा हसतच सुटला. “अगं, पूर्वी लाकडी खोकी असायची ना! फळ्यांमध्ये ही एवढी फट. लहान टोमॅटो वाटेतच गळून जायचे आणि भांडणं व्हायची. म्हणून कडी आली. खोकी जाऊन पंधरा वर्षं झाली, प्लास्टिकचे क्रेट आले. कडी काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.”

उरलेले दोन आठवडे मुलांनी चाळीस शेतांवरचे ढीग मोजले. शंभरातले सव्वीस टोमॅटो शेताबाहेर पडतच नव्हते. उरलेल्या चौऱ्याहत्तरांतले रस्त्यात गेलेले सातेक मिळवले की एकूण तेहतीसच्या आसपास.

लेख लिहून झाल्यावर बाई सरांच्या घरी गेल्या. सर एक्क्याऐंशीचे. त्यांनी भिंग धरून सगळा लेख वाचला, अगदी तळटिपांसकट. शेवटी एवढंच म्हणाले, “काटा तपासला होतास?”

“रोज सकाळी, सर.”

“ठेव इथे.”

बस्स. ना शाबासकी, ना राग. बाई परतल्या त्या खट्टू होऊनच.

लेखाच्या सादरीकरणाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. शेतीखात्याचे अधिकारी होते, बाजार समिती होती, मागच्या रांगेत काकू चार शेतकऱ्यांना घेऊन बसल्या होत्या. आणि पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकून, सर. बाई एकही आकडा न चुकता बोलल्या.

विभागप्रमुख उठले. “चाळीस काय नि तेहतीस काय! एवढ्या फरकासाठी मान्य आकडा मोडीत काढायचा?”

“फरक आकड्याचा नाही, सर. जागेचा आहे,” बाई म्हणाल्या. “शीतगोदाम वाचवणार ते रस्त्यातल्या नऊ टक्क्यांतलं थोडं. सव्वीस त्याच्या दारापर्यंत पोचतच नाहीत.”

तेवढ्यात काठी वाजली. सर उभे राहिले.

पण त्यांनी कौतुक केलं नाही. त्यांनी उलटतपासणी घेतली. शेतं कशी निवडली? चिठ्ठ्या टाकून. उन्हात वजन घटतं, ते धरलं का? धरलं, तक्ता पाच. ढिगातले किडके वेगळे काढले का? या प्रश्नाला शंकाच उभी राहिली. “काढले, सर. सव्वीस हे फक्त चांगले. किडके धरले तर आकडा आणखी वाढेल.” तब्बल वीस मिनिटं हे चाललं. एकही प्रश्न बिनउत्तराचा गेला नाही.

मग सर सभेकडे वळले.

“एकतीस वर्षांपूर्वी मला कुणीतरी विचारलं, किती माल वाया जातो? मी आठ व्यापाऱ्यांना विचारलं होतं. शेतकऱ्याला एकालाही नाही. जेवणाच्या सुट्टीत ती ओळ लिहिली, ‘अंदाजे’ असं स्वच्छ लिहिलं. पुढच्यांनी ‘अंदाजे’ गाळलं आणि चाळीस ठेवलं. मीही गप्प बसलो, कारण आकड्यासोबत माझं नाव छापून येत होतं.” ते बाईंकडे वळले. “खोडून टाक माझा आकडा. आणि खोडलास हे मोठ्याने सांग.”

टाळ्या आधी मागून आल्या, काकूंच्या रांगेतून. मग सगळं सभागृह उभं राहिलं. बाईंना समोरचं धूसर दिसू लागलं. विभागप्रमुखांनी माईक मागून घेतला; बाई सावध झाल्या. “गोदामाचा आराखडा मी उद्या मागे घेतो,” ते म्हणाले. “या आकड्यांवर तो पुन्हा करायला हवा. बाई, मला तुमची मुलं लागतील.”

पुढच्या हंगामाआधी बाजार समितीने कडीचा नियम रद्द करून लहान टोमॅटोंसाठी वेगळी रांग सुरू केली. पहिल्या सकाळी तिथे एकशे सत्तर क्रेट लागले. व्यापारी आधी नाक मुरडून पुढे गेले. मग एका रुग्णालयाचा स्वयंपाकी आला, एक टोमॅटो कचकन चावला आणि म्हणाला, “चवीला तर हेच सरस आहेत. तीस क्रेट द्या.” ते ऐकून मघाचे व्यापारी लगालगा मागे फिरले. आठ वाजेपर्यंत रांग रिकामी झाली होती. काकू रिकामे क्रेट एकात एक घालत होत्या, आणि हमाल, ट्रकवाले, एकोणीस मुलं सगळे एकदमच बोलत होते.

हंगाम संपल्यावर त्याच चाळीस शेतांवर पुन्हा मोजणी झाली. सव्वीसाचे पाच झाले होते. बाईंनी जागेवरूनच सरांना फोन लावला. सरांनी दोन्ही आकडे पुन्हा विचारून लिहून घेतले.

“अगं, आता कांदा घे,” सर म्हणाले. “कांद्याचा आकडाही माझाच आहे.”

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडच्या शेतातली माणसं माना वर करून बघू लागली.