जीपचे लाल अश्रू

दुपार झाली की माझ्या गॅरेजात पाय ठेवायला जागा नसे. माणसं वाकून वाकून एका जुन्या जीपखाली बघत, कारण जीप रडायची. छपराचा पत्रा तापला की तिच्या चासीतून, म्हणजे सगळा भार पेलणाऱ्या पोकळ लोखंडी चौकटीतून, लाल थेंब गळत. जीप माझ्या भाच्याची. तो तापाने गेला, आणि ताई, त्याची आई, रोज जीपशेजारी स्टूल टाकून बसू लागली.

मग लोखंडबाबा उगवला. ताईला म्हणाला, "तुझा थोरला आत आहे, आई. वेल्डिंगची ठिणगी उडाली तर त्याला चटका बसेल." थेंब बाटलीत धरून तो गुडघेदुखीवर वाटायचा. गंजाच्या पाण्याने गुडघे बरे होत असते, तर माझ्या भंगाराचं इस्पितळ झालं असतं.

पण मला हसू येत नव्हतं. चासीला मागच्या चाकापाशी तडा गेला होता; वेल्डिंग केलं नाही तर ती भाराखाली मोडणार होती. भावामागे मालाच्या खेपा आता ताईची धाकटी मुलगी करणार होती, तो जायचा त्याच घाटात, याच जीपने. आई दुरुस्ती करू देत नाही तर तशीच नेते, म्हणाली.

"ताई, एक गेला. आता हिलाही घालवायचंय का?" मी चिडून विचारलं.

"त्याला भाजू नकोस रे," ताई एवढंच म्हणाली.

एका सकाळी, गारव्यातच, धाकटीने सगळ्यांना बोलावलं. "बाबा, दादा दुपारीच का रडतो?"

"ती त्याची निघायची वेळ, पोरी."

"म्हणजे आत्ता रडणार नाही?"

"शक्यच नाही."

तिने मोठा हॅलोजन दिवा चासीजवळ धरला. थोड्या वेळाने लाल थेंब टपकला.

"आज लवकर निघाला वाटतं," बाबा म्हणाला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि बाबा बाटल्या गोळा करू लागला.

मी सगळ्यांना समजावलं. ओढ्यातून जाताना चासीत वरच्या फटींतून पाणी शिरतं आणि तळाच्या भोकांतून निघून जातं. इथे ती भोकं बुजली होती. पाणी आत साठलं, लोखंड कुजलं, तडा गेला. तड्यावरचं डांबर उष्णतेने मऊ झालं की गंजाचं पाणी सुटतं, गार झालं की थांबतं.

"भोकं बुजवली कुणी?" ताईने विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. पण बोललो नाही. "त्यानेच. जीप नवी करायला घेतली, स्प्रिंगा बदलून उंच केली, आणि चिखल शिरू नये म्हणून भोकांसकट सगळा तळ डांबराने लिंपला. मायेनेच केलं गं."

मी एका भोकातलं डांबर उचकटलं. लाल पाणी भळाभळा वाहिलं आणि आटलं.

"म्हणजे तो आत नव्हता?"

"नव्हता, ताई."

डांबराचा तो गोळा मी तिच्या हातात दिला. त्यावर भाच्याच्या बोटाचा खळगा होता. ताईने त्यात आपलं बोट ठेवलं, आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "कर वेल्डिंग."

तुम्हाला एवढंच सांगतो, कुठे लोखंड रडलं तर हात जोडण्याआधी खाली वाकून बघा. गेलेल्यांसाठी रडायला आपण आहोत. ते काम गंजावर सोपवलं, तर जिवंत आहेत त्यांनाही गमावून बसू.