सुरतेचा पत्ता

मी रिना. परवानाधारक समुपदेशक. लोकांशी मोबाइलवर, चेहरा बघत बोलते. मूळची धडगावच्या डोंगरातली, पावरी बोलणाऱ्या घरातली. शिकले, नोंदणी झाली, तरी आमचे बा इंद्रसिंग अजून विचारतात, "नुसतं बोलून कोणाचं काय बरं होतं?" बा, तुम्हीच सांगा, गप्प बसून तरी कोणाचं झालंय?

राहते नंदुरबारात, पण माझ्या ऑनलाइन माहितीत गावाचं नाव नाही. मुद्दामच नाही. इथल्या माणसाला इथलं कोणी नको असतं. आज मन मोकळं केलं आणि उद्या तीच बाई पंगतीत शेजारी येऊन बसली तर? म्हणून सगळे लांबचं माणूस शोधतात, आणि मी लांबची होऊन बसते.

शिस्त मात्र पाळते. बोलण्याआधी विचारतेच: आत्ता कुठे आहेस, घरात कोण आहे, फोन तुटला तर कोणाला लावू? आणि पहिल्याच दिवशी सांगून ठेवते की तुझं बोलणं माझ्यापाशी राहील, पण जिवावर बेतलं तर मी गप्प बसणार नाही.

जिनलनं पत्ता दिला होता सुरतेचा. पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं बाळ गेलं होतं. घरात कोणी विषय काढत नव्हतं. सासूनं, हीराबाईंनी, आणलेली झबली उचलून कुठेतरी ठेवून दिली आणि म्हणाल्या, आता विसर. "मी वेडी आहे का, ताई?" ती दर वेळी विचारायची. वेडी कसली? आई होतीस ना!

त्या संध्याकाळी तिनं कॅमेरा लावला. नीट विंचरलेले केस, नवी साडी, चेहरा एकदम शांत. इतके दिवस रडणारी बाई अशी अचानक शांत झाली की मला धडकी भरते.

"ताई, आज फक्त आभार मानायचे होते."

मी आडपडदा ठेवला नाही. "जिनल, जीव द्यायचा विचार करतेयस?"

तिनं खाली बघितलं. मांडीवर एक बाटली होती.

"बाटली लांब ठेव आधी. घरात कोण आहे?"

"खाली आहेत सगळे. दाराला कडी लावलीय."

दुसऱ्या फोनवरून मी तिनं अडीअडचणीसाठी दिलेला नंबर लावला. असा नंबरच नाही म्हणे! आता एवढ्या मोठ्या सुरतेत मी हिला कुठे शोधू? तेवढ्यात वारा फिरला. गावाबाहेर पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानावर, लाल मिरची वाळत पडलेली असते. हिवाळ्यात तिकडून वारा आला की अख्खं नंदुरबार खोकतं. मला ठसका लागला. आणि पडद्यावर जिनललाही लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

खोकता खोकताच मी म्हटलं, "पथारीवरचा वारा आला वाटतं."

"हो ना, खिडकी लावायची राहिली," ती सवयीनं बोलून गेली. मग थिजली. "तुम्ही... इथल्या आहात?"

"इथलीच. येतेय मी."

"नको! पाया पडते, ताई. तुम्ही आलात तर सगळ्या गावाला कळेल."

कॅमेरा बंद झाला. आवाज मात्र चालू होता, नशीब माझं.

माणसं गावाचं नाव लपवतात, सासूचं लपवत नाहीत. तिच्या नावाशिवाय रडता कसं येणार? हीराबाई, भांड्यांचं दुकान, वरच घर, एवढं मला ठाऊक होतं. रिक्षावाल्याला सांगितलं. तो अहिराणीत म्हणाला, "हीराबाईनं दुकान ना? माले ठाऊक शे. बसा, ताई." पूर्ण रस्ताभर मी फोनवर बोलत होते. काय बोलले, देवाला माहीत. पलीकडून श्वास ऐकू येत होता, तेवढाच आधार.

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. मी गल्ल्यापाशी घुसले आणि हीराबाईंच्या कानात सांगितलं. हळूच सांगितलं हो, शपथेवर सांगते! पण त्या बाईनं अशी किंकाळी फोडली की समोरच्या दुकानातलेही रस्त्यावर आले. "जिनेश! अरे, जिनल!" मांडणीतला पितळी बत्ता उचलून त्या जिन्यानं धावल्या. मागे त्यांचा मुलगा, जिनलचा नवरा जिनेश, मागे मी, मागे निम्मी गल्ली.

बत्त्याच्या घावांनी कडी निखळली. जिनल पलंगावर बसली होती. बाटलीचं झाकण उघडलेलं नव्हतं. हीराबाईंनी ती हिसकावली आणि तिथेच जमिनीवर बसल्या. "माझ्यामुळे का गं? सांग ना, माझ्यामुळे?"

जिनलनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. दारात जमलेल्या माणसांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही सांगितलंत."

"हो. सांगितलं."

"तुमच्यावर विश्वास ठेवला होता मी."

मी दारातल्या माणसांना हाकललं, जिनेशला तिला डॉक्टरांकडे न्यायला लावलं आणि पायरीवर बसून राहिले.

नंतर जिनेशचा निरोप आला, उपचार सुरू आहेत. तिचा मात्र एक शब्द नाही. मी वाट बघितली, चिडले, माझं चुकलं का, असं स्वतःलाच हजारदा विचारलं.

परवा बाजारात दिसली. हीराबाई मेथीच्या जुड्या निवडत होत्या आणि ही शेजारी पिशवी धरून उभी. तिनं मला पाहिलं, ओळखलं आणि सरळ पाठ फिरवली. मग हीराबाईंच्या हातातली एक जुडी परत ढिगात टाकून म्हणाली, "ही नको, पिवळी पडलीय." तिच्या पाठीकडे बघत मी भर बाजारात रडले.