भर दुपारचा दिवा

अंजनाबाईंनी पाचवी भाकरी तव्यावर टाकली आणि शेजारची उत्कर्षा दारातून डोकावली.

"काकी, दोगांच्या घरात एवढ्या भाकऱ्या? तात्यांना लय भूक लागाय लागली वाटतं!"

"रातचंबी आत्ताच करून ठिवते बाई. दोनदा चुलीपुढं बसणं हुत न्हाई आता."

खोटं बोलणं अंगवळणी पडलं होतं. उत्कर्षा गेल्यावर पितळीत भाकरी आणि वांग्याचं कोरड्यास घेऊन त्या जपून शिडी चढल्या. माळ्यावर पोत्यांच्या आडोशाला त्यांचा इंद्रजित बसला होता. दोन लेकरांचा बाप, पावसाळ्यापासून आईबापाच्या घरात लपलेला.

कडेगाव भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी पिढ्यान्पिढ्या परमुलखात जातात. इंद्रजितचं मदुरैला दुकान होतं. एका व्यापाऱ्यानं त्याला बुडवलं. ते झाकायला त्यानं गाववाल्यांकडून पैसे घेतले, त्यांचं व्याज भागवायला आणखी दुसऱ्यांकडून. शेवटी दुकान गेलं. बायको-मुलं तिच्या माहेरी, मलकापूरला राहिली. सांगलीच्या वकिलानं वाट दाखवली होती. कोर्टात नादारीचा अर्ज करा, आहे नाही ते उघड मांडा, त्यातून सगळ्यांना वाटून मिळेल आणि पुन्हा जगायला लागा.

पण इंद्रजितच्या वडिलांनी, हिंदुरावांनी, ऐकूनच घेतलं नाही. "आमच्या घराण्यात कुणी दिवाळं काढलं न्हाई. त्यापरीस मेलेलं बरं!"

ते शब्द पोरानं मनात ठेवलेत, हे आईला त्याच्या डोळ्यांत दिसलं. त्याच दिवशी अंजनाबाईंनी माळ्यावरचा मोटेचा जुना नाडा खाली आणला आणि चुलीत घातला.

दुपारी भावकीतला ज्योतिबा जत्रेची वर्गणी मागायला आला.

"आवं तात्या, इंद्रजित कवा येनार? फोन लागंना त्याचा."

"धंदा वाढलाय रं. सवड न्हाई त्याला. आवंदाचा महाप्रसाद आमच्याकडनं लिव."

ज्योतिबा कसनुसं हसला. "गावाला जेवू घाला की. पर माज्या पोरीच्या, अपेक्षाच्या लग्नाचं पैसं त्याच्याकडं ठेवल्यालं, तेवढं आदी द्या म्हंतो."

तेवढ्यात माळ्यावरून खोकला ऐकू आला. दाबलेला, पण माणसाचा.

ज्योतिबानं वर पाहिलं. हिंदुरावांचा चेहरा उतरला. "मांजर हाय," ते म्हणाले.

अंजनाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोटच्या पोराला बापानं मांजर केलं, आणि आपण हातात सूप धरून गप्प बसलो!

त्यांना लहानपणची बाजारपेठ आठवली. एका किराणावाल्यानं भर दुपारी दुकानात दिवा लावला होता. धंदा बुडाल्याची ती खूण. पोरं हसत होती. अंजनाबाईंचे वडील त्यांच्यावर खेकसले होते, "हसू नगा रं. त्यानं लपवलं न्हाई." पुढं त्याच किराणावाल्यानं छोटी टपरी टाकली. जाणाऱ्या पोरींच्या हातावर तो गुळाचा खडा ठेवायचा. वडील रामराम केल्याशिवाय टपरीवरून कधी पुढं गेले नाहीत. तेव्हाची माणसं हसायची, पण पडलेल्याला उठू द्यायची.

त्या उठल्या. देव्हाऱ्यातली समई पेटवली आणि उंबऱ्यावर आणून ठेवली. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"अगं, काय करतीस? लोक बघत्यात!"

"बघू द्या. कवापासनं लाज माळ्यावर कोंडून ठिवलीया आपुन. माजं पोर तिच्याबरं गुदमराय लागलंय." त्यांनी वर तोंड केलं. "इंद्रा, खाली ये बाळा."

शिडी कुरकुरली. दाढी वाढलेला इंद्रजित उजेडाला डोळे बारीक करत उतरला. ज्योतिबाकडं बघायचं धाडस त्याला होईना.

"दादा, तुजं बुडवायचं मनात न्हवतं रं."

"मग तोंड का लपवलंस? माजी पोरगी रोज इचारती!" ज्योतिबाचा आवाज फाटला. त्यानं उंबऱ्यावरच्या समईकडं बघितलं. मग म्हणाला, "कवा जायचं सांगलीला? मीबी येतो. कोर्टात ज्यांचं बुडालं त्यांच्यात माजंबी नाव लागंल."

त्यानं माफ केलं नव्हतं. पण तो बसून राहिला.

हिंदुराव समई विझवायला वाकले, आणि तसेच उंबऱ्यापाशी खाली बसले. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं.

अंजनाबाईंनी भाकरी वाढून दुसरी पितळी पुढच्या सोप्यात मांडली, दारातून दिसेल अशी. रस्त्यावर माणसं थबकली होती. इंद्रजितनं मान खाली घालून पहिला घास तोंडात घातला.

गर्दीतून उत्कर्षा पुढं आली. यावेळी तिनं भाकऱ्या मोजल्या नाहीत. पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला आणि वळून लोकांना म्हणाली, "काय बघताय? माणूस जेवतंय."