जड हाताचा कंपायलर

सभागृहात जागा उरली नव्हती, म्हणून अर्धं ऑफिस भिंतीला टेकून उभं होतं. समोर दोन पडदे. डावीकडे आमचा जुना कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारं सॉफ्टवेअर. उजवीकडे तोच, पण बाहेरून बोलावलेल्या सल्लागाराचा 'हात फिरलेला'. त्याला सगळे वेगमहाराज म्हणत. आधी थट्टेने, मग मनापासून.

महाराजांनी मशीनवर तळहात ठेवून डोळे मिटले. "हे ज्याने लिहिलं त्याचा हात जड आहे. त्याची भीती यंत्रात उतरली आहे. मी फक्त ती काढून घेतो."

उजवा पडदा बघता बघता काम उरकून मोकळा झाला. डावा रखडत राहिला, आणि शेवटी अंतर्गत तपासणीचा लांबलचक इशारा देऊन अडला. लोक हसले. माझी ताई हसली नाही. ती इथेच कंपायलरच्या चाचण्या घेते. तो इशारा गिऱ्हाइकाला देतो त्या प्रतीत कधीच दिसत नाही, असं ती माझ्या कानात म्हणाली.

कंपायलर हाही शेवटी एक प्रोग्रामच, तोही बांधावा लागतो. तो लिहून होत असताना चुका सापडाव्यात म्हणून अंतर्गत तपासण्या चालू आणि वेगाच्या सुधारणा बंद ठेवून बांधतात; तसा बांधलेला रखडणारच. महाराजांनी जुना तसा बांधला होता आणि स्वतःचा गिऱ्हाइकाला देतात तसा. ताईने दोन्ही एकाच सेटिंगने बांधले: सुधारणा चालू, तपासण्या बंद. मग दुसरं काहीही चालू नसलेल्या एकाच मशीनवर ते आलटून पालटून पुन्हा पुन्हा चालवले. फरक नाहीसा झाला. नावाखेरीज आत काही बदललेलंच नव्हतं.

साहेबांनी ताईचं सगळं ऐकून घेतलं आणि नव्या वेगवान कंपायलरची जाहिरात केव्हाच गेल्याचं सांगितलं. संशयी माणसासमोर यंत्र आखडतं, असा महाराजांचा खुलासा होता.

ज्यांनी कंपायलर लिहिला ते आमचे काका तोवर राजीनामा देऊन घरी बसले होते. आम्ही गेलो. ताईने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवून दोन्ही चालवून दाखवले. दोन्ही एकाच वेळी संपले. तुलना कशी करावी हे तिला काकांनीच शिकवलं होतं.

काकांनी लॅपटॉप तिच्याकडे परत सरकवला. "तुझं बरोबर असेल गं पोरी. पण माझा हात जडच आहे. मला आधीपासून वाटायचं."

दारापर्यंत सोडायला आलेल्या काकूंनी सांगितलं, हल्ली जेवता जेवता थांबतात आणि तळहात उलटेपालटे करून बघत बसतात.

महाराज आता दुसऱ्या ऑफिसात आहेत. म्हणून सांगतो, कोणी दोन गोष्टी शेजारी ठेवून चमत्कार दाखवला, तर टाळी वाजवण्याआधी विचारा, दोन्ही सारख्याच बांधल्यात का? उत्तर मिळेलच असं नाही. मिळालं तरी ज्याच्यासाठी विचारलं त्याला ते पटेलच असंही नाही. तरी विचारा, आणि वेळेवर विचारा. आम्ही उशिरा विचारलं.