दोन जाळ्यांमधली हातभर जागा

मित्रांनो, तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत उभी असलेली मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. एका बाजूला कैदी, दुसऱ्या बाजूला घरची माणसे आणि मध्ये मी. लोहाराने माझी भोके बोट जाईल एवढी ठेवली, त्याचे भले होवो!

इथे एक छापखानेवाला कैदी होता. मंत्र्यांच्या विरोधात त्याने एक पत्रक छापले आणि थेट आत आला. त्याची चिमुरडी लेक चवड्यांवर उभी राहून म्हणायची, "बाबा, बोट दे ना!" मग बोटात बोट अडकवून दोघे गप्पा मारायचे. त्यांच्यामुळे माझा एक कोपरा पार गुळगुळीत झाला. ती दोघे आली की मला फार बरे वाटायचे.

एकदा मंत्री तुरुंग पाहायला आले. त्यांनी ती बोटे पाहिली आणि गरजले, "ही शिक्षा आहे की माहेरपण?" झाले! माझ्यापासून हातभर अंतरावर दुसरी जाळी बसली. पुढच्या भेटीत लेकीने इकडून बोट घातले, बापाने तिकडून घातले. मध्ये नुसती हवा! पोरगी हमसून हमसून रडली.

"रडू नकोस, सोन्या," बाप म्हणाला. "मी सुटलो ना, की आधी ही दुसरी जाळी उखडून फेकतो."

पुढे निवडणुकीत सरकार पडले. छापखानेवाला सुटला, स्वतःच मंत्री झाला आणि त्याच्या हुकमावरून जुने मंत्री आत आले. आता त्यांची म्हातारी आई भेटीला येते. आपले वाकडे बोट माझ्यात घालून विचारते, "बाळा, पोचतंय का रे?" नाही पोचत.

एके दिवशी म्हातारी उभी असतानाच नवे मंत्री तुरुंग पाहायला आले. जेलरने अदबीने विचारले, "साहेब, दुसरी जाळी काढायची ना?" साहेबांचा हात आपोआप त्या गुळगुळीत कोपऱ्याकडे गेला. आता माझा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात ते म्हणाले, "राहू दे. त्यांनीच बसवलीय ना? भोगू दे की!" आणि बोटाला लागलेला गंज रुमालाने पुसून ते निघून गेले.

इतकी माणसे येतात, पण त्या दिवसाइतके एकटे मला कधी वाटले नव्हते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीतरी उद्या खुर्चीवर बसेल. मला रंग नको, तेल नको. फक्त इथे आलात तर त्या कोपऱ्यात एकदा बोट घाला आणि पलीकडून कुणी धरते का ते पाहा. म्हातारी अजून घालते.