जाईचं स्पेलिंग

जाई दुपारी एकला झोपते आणि अडीचला उठते. तेवढा दीड तास माझा. त्या वेळात मी लोकांच्या द्वेषाची नोंद ठेवते.

कामच ते आहे. अमेरिकेत नागरी हक्कांसाठी लढणारी एक संस्था आहे, ती वर्णद्वेषी टोळ्यांवर लक्ष ठेवते. त्यातल्या काही टोळ्यांना आता इकडे कॅनडात, ऑन्टारिओतही पिल्लं झालीत. वॉटर्लूच्या आमच्या बेसमेंटमध्ये बसून मी त्यांच्या चॅनेलवरची प्रत्येक पोस्ट वाचते, स्क्रीनशॉट काढते, तारीख-वेळ टाकते आणि एखादा परका शब्द आला तर शेजारच्या रकान्यात त्याची भाषा आणि अर्थ लिहिते. तिकडची माझी सुपरवायझर डलोरेस पहिल्याच दिवशी म्हणाली होती की आपण चिडायचं नाही, आपण लिहून ठेवायचं. मला ते जमायचं. बेबी मॉनिटरमधून वर झोपलेल्या जाईचा श्वास ऐकू येत असायचा आणि खाली मी शिव्या नोंदवत असायचे.

जाईच्या जन्माचा फॉर्म भरताना गंधारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, नाव Jai असं लिहिलं. माझे सासरे, दीनानाथ, मागून डोकावून म्हणाले, "अरे, हे जय झालं. दोन ए लाव, दोन ई लाव." गंधार म्हणाला, बाबा, डेकेअरमध्ये कुणाला वाचता येणार नाही, आणि दीनानाथचं इथे डीन झालंच ना? बाबा एकाहत्तर साली इंजिनिअर म्हणून इथे आले, आणि पन्नास वर्षं त्यांनी डीन हे नाव सहन केलं. नातीच्या नावावरून मात्र ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

रोज सकाळी ते जाईला स्ट्रोलरमध्ये घालून एलआरटीच्या, म्हणजे इथल्या ट्रामच्या, स्टॉपवर घेऊन जायचे. ट्राम आली की ती टाळ्या वाजवायची. जानेवारीत एका सकाळी ते परत आले ते डावं मनगट मोडून. पाय घसरला म्हणाले, बर्फ होता. गळ्यात मफलर नव्हता. जाई ठीक होती, फक्त एक हातमोजा हरवला होता. त्या दिवसापासून त्यांनी तिला बाहेर न्यायचं नाव काढलं नाही. मी तिला बूट घालायला बसले की ते उठून त्यांच्या खोलीत जायचे. वय झालं बाबांचं, असं गंधार म्हणाला, आणि मी हॉलमधला स्ट्रोलर उचलून गॅरेजमध्ये ठेवून दिला. त्यांच्या डोळ्यांदेखत.

फेब्रुवारीत एक पोस्ट आली. ट्रामच्या स्टॉपवर एका ब्राऊन म्हाताऱ्याला बर्फावर बसवला, असं एकाने लिहिलं होतं. खाली म्हाताऱ्याची नक्कल: jai jai jai. अशा बढाया दिवसाला वीस येतात, बहुतेक खोट्या. मी स्क्रीनशॉट काढला आणि रकान्यात लिहिलं: हिंदी, घोषणा, अर्थ 'विजय असो'. दहा सेकंदांचं काम. पुढच्या पोस्टवर गेले.

आठवड्यानंतर एका दुपारी अडीचला जाई उठली आणि वरून बाबांची हाक आली. ते तिला नेहमी तीनदा हाक मारतात, शेवटची थोडी लांबवून.

"जाई, जाई, जाईऽ."

माझा हात माउसवर होता. त्या पोस्टमध्येही तीनदाच होतं.

ती पोस्ट पुन्हा उघडली. खालची उत्तरं मी तेव्हा वाचलीच नव्हती. कुणीतरी विचारलं होतं, कुठल्या देवाला बोलावत होता? त्याने उत्तर दिलं होतं: काय माहीत, त्याची बेबी-गाडी उतारावरून निघाली आणि तो चार पायांवर तिच्यामागे, कुत्र्यासारखा. खाली एकेचाळीस हसरे चेहरे.

मी ते एकेचाळीस मोजले. मग वर गेले, जाईला पोटाशी धरलं आणि तिच्या मानेत नाक खुपसून उभी राहिले. ती माझे केस ओढत होती. मोडलेल्या मनगटावर रांगत गेलेला माणूस स्वयंपाकघरात तिच्यासाठी केळं कुस्करत होता.

पुढच्या चार दुपारी मी दुसरं काहीच केलं नाही. तो चॅनेलवर टोपणनावाने होता, पण बढाई मारणाऱ्याला फोटो टाकल्याशिवाय राहवत नाही. एका फोटोत त्याचा पिकअप ट्रक, दुसऱ्यात कामाचा शर्ट, खिशावर शिवलेलं नाव. तिसऱ्यात कुत्रा, आणि कुत्र्यामागे काचेत उलटी दिसणारी दुकानाची पाटी. टायरचं दुकान, आमच्यापासून अकरा मिनिटांवर. त्याची आई सापडली, ती वाढदिवसाचे केक करून त्यांचे फोटो टाकते. घराचा नंबर सापडला.

मला न्याय वगैरे नको होता. त्याची नोकरी जावी, आईने तोंड फिरवावं, शेजाऱ्यांनी खिडकीतून बोट दाखवावं, आणि हे सगळं होताना त्याला कळावं की कुणी केलं, एवढंच मला हवं होतं. मी तीन पत्रं लिहिली: एक दुकानाच्या मालकाला, एक घरमालकाला, एक आईला. आईचं सगळ्यात छान जमलं. फार मऊ लिहिलं होतं मी ते, बाईने बाईला लिहावं तसं.

पाठवण्याआधी डलोरेसला फोन केला. घरचा माणूस गुंतला असेल तर सांगायचं, हा नियमच आहे. तिने ऐकून घेतलं आणि आधी फाइल माझ्याकडून काढून घेतली. मग म्हणाली, पत्रं पाठवलीस तर संध्याकाळपर्यंत तो सगळं पुसून टाकेल, आणि तुझ्या हातात फक्त तुझा राग उरेल. तो कोर्टात उभा राहायला हवा असेल तर एकच गोष्ट लागेल. सासऱ्यांनी स्वतः म्हणायला हवं की मला ढकललं. स्टॉपवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग किती दिवस ठेवतात कोण जाणे, तेव्हा लवकर.

बाबा टेबलाशी मटार सोलत होते, प्लास्टरचा हात भांड्याला टेकवून. हाय चेअरमधली जाई एकेक दाणा खाली टाकून तो कुठे जातो ते बघत होती.

"बाबा, तुमचा पाय घसरला नव्हता."

"बर्फ होता गं."

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे फिरवला. त्यांनी चष्मा लावला आणि ड्रॉइंग तपासावं तसं सावकाश वाचलं. 'चार पायांवर' ही ओळ दोनदा वाचली. मग चष्मा काढून पुसत बसले.

"ब्रेक लावायलाच वाकलो होतो," ते म्हणाले. "तेवढ्यात मागून धक्का आला. गाडी सुटली ती रुळांकडे. उठता येईना, मग तसाच गेलो. खांबाला अडकली म्हणून." मग चष्मा परत लावत म्हणाले, "हे सांगितलं असतं तर पोरीला माझ्याकडे दिलं असतंत?"

स्ट्रोलर गॅरेजमध्ये होता.

"आणि हा काय म्हणतो, मी देवाचा धावा करत होतो?"

"मीही तेच लिहिलं, बाबा. मी ते जय असं वाचलं."

त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

"सांगितलं होतं मी," ते म्हणाले. "दोन ए, दोन ई." मग मटारचं भांडं सरकवून उठले. "नाव कळलंय त्याचं?"

"नाव, घर, दुकान, सगळं. तीन पत्रंही लिहून ठेवलीत."

"मग पत्रं कसली लिहीत बसलीस? जॅकेट घालून दे मला. हा हात बाहीत जात नाही."

जाईला घेऊन आम्ही तिघं पोलीस स्टेशनवर गेलो. ऑफिसरबाई तरुण होती, अदबीने वागली. बाबांनी त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या ठेवणीच्या इंग्रजीत सगळं सांगितलं, रांगण्यासकट, आवाज न चढवता. तिने टाइप केलेलं त्यांनी ओळीओळीने वाचलं आणि एका जागी बोट ठेवलं. तिथे Jai होतं. बाबा म्हणाले, जे, ए, ए, ई, ई. तिने बर्थ सर्टिफिकेट बघून नम्रपणे सांगितलं की यावर तर असंच आहे.

"मग सर्टिफिकेट चुकलंय," बाबा म्हणाले. तिने स्टेटमेंटमध्ये त्यांच्याच स्पेलिंगने लिहिलं.

रेकॉर्डिंग मिळालं. ते मला दाखवलं नाही, पण पुढच्या आठवड्यात त्याला पकडलं. त्याने काय सांगितलं म्हणे? म्हातारा आपणच घसरला, बर्फ होता. बाबांचंच वाक्य, शब्दाला शब्द. त्यांनी ते महिनाभर त्याच्यासाठीच सांभाळून ठेवलं होतं जणू. ऑफिसरबाईंनी फोनवर हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला.

डलोरेसकडून मी एकाच रकान्यापुरती फाइल परत मागितली. 'विजय असो' खोडून लिहिलं: मराठी, एका पांढऱ्या फुलाचं नाव, नोंद करणारीची मुलगी.

कोर्टाची तारीख जूनमध्ये आहे. तीन पत्रं मी पुसलेली नाहीत, त्याच्या आईचं तर अजून अधूनमधून वाचते. प्लास्टर निघालं तरी मनगट पुरतं वळत नाही. स्ट्रोलर हॉलमध्ये परत आलाय, आणि बाबा दारातच ब्रेक तीनदा दाबून बघतात. काल सरकारी वकिलांचा फोन आला, तेव्हा त्यांनी स्पीकर लावला आणि बिचाऱ्याला पाच मिनिटं शिकवलं: जा. ई. नो, नॉट जाय. जाऽ. ई. त्यांच्या मांडीवरची जाई आपलं नाव ऐकून दर वेळी वर बघत होती.

"कशाला एवढं, बाबा?" मी विचारलं.

"कोर्टात त्यांनी चुकीचं म्हटलं तर तो गालात हसेल," ते म्हणाले. "तेवढंही मी त्याला देणार नाही. हाक मी स्वतः मारणार आहे तिथे, त्याच्याकडे बघून. त्या दिवशी मारली होती तशीच, तीनदा. तू पुढच्या रांगेत बस हिला घेऊन. ही ओ देते का, ते त्याला बघू दे."