आठ दिवसांची बंदी, चार दिवसांचा हुरडा

धायरीच्या सुशीलाबाईंच्या दाराला सोमवारी महापालिकेचा कागद लागला. हवा खराब आहे, आठ दिवस लाकूड, गोवऱ्या, पालापाचोळा काही पेटवायचं नाही. मुलानं, जयसिंगनं, वाचून दाखवलं. बाईंची शाळा दुसरीतच सुटलेली, पण कागदामागचा माणूस त्यांना न वाचता कळायचा.

"शेजारचा ना?"

"तोच. आपल्या बंबाच्या धुराचा फोटो पाठवला त्यानं."

शेजारचा म्हणजे कुंपणापलीकडच्या बारा मजली इमारतीचा सेक्रेटरी, उत्तरेश्वर. खराडीच्या कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब. मूळचा बार्शीकडचा, ज्वारीच्या रानात वाढलेला. आता तोंडाला पट्टी बांधून बागेत चकरा मारायचा आणि घरी हवा धुवायचं यंत्र लावून बसायचा. इमारत उभी होती बाईंच्या दिराच्या रानावर. बाईंचे पंधरा गुंठे तेवढे उरले होते आणि त्यात हुरड्याची ज्वारी.

हुरड्याचा दाणा दुधात असतो चारच दिवस. तेवढ्यात कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, गरम गरम चोळायची. दिवस चुकला की दाणा टणक. मग ती नुसती भाकरीची ज्वारी. बाईंचा हुरडा शनिवारी ऐन दुधात असणार होता. लग्न होऊन आल्यापासून एकही साल त्यांनी चुकवलं नव्हतं. सासरे गेले त्या वर्षीही मूठभर खाल्ला होता.

"शनिवारी गुपचूप पेटवू," जयसिंग म्हणाला. "दोन तासांचं काम हाय."

"चोरून? माझ्या रानात मी चोरून?"

बाईंनी तो कागद थंड बंबाला चिकटवला आणि गार पाण्यानं अंघोळ सुरू केली. सुनेच्या गिझरला हात लावला नाही.

शनिवारी पंचवीस माणसं आली. कुंपणापलीकडून चालत यायचं, तरी तिघं गाडीतून. पुढे उत्तरेश्वर. सोसायटीची हुरडा पार्टी महिन्यापूर्वी त्यानंच बाईंकडे ठरवली होती, आणि ती आता व्हायची नाही हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"आई, आगटी कुठाय?"

"बंबावर कागद हाय. वाचा."

तो हसला. "अहो, ते रोज पाणी तापवायच्या धुरासाठी. हुरड्याचं वेगळं. वर्षातून एकदा."

"असं होय! आमचा धूर तुमच्या नाकात जातो, तुमचा पोटात जातो."

"मायक्रोवेव्हमध्ये होईल का?" मागून एका बाईनं विचारलं.

"होईल की. चव गेली म्हणून कुठला कागद निघत न्हाई."

उत्तरेश्वरनं आवाज खाली घेतला. "आई, तक्रार कोण करणार आहे? मीच तर..." आणि थांबला.

"बोला की पुढं."

तो ज्वारीकडे वळला. एक कणीस तोडलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली, कच्चेच दाणे तोंडात टाकले. पट्टी गळ्यात लोंबत होती, पण चोळायची रीत बापाची होती. बाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांचा हात गोवऱ्यांच्या ढिगाकडे गेला.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आजी, फोटोपुरती तरी पेटवा ना थोडी!"

हात माघारी आला.

"फोटो हाय की तुमच्या साहेबांकडं. धुराचाच हाय."

मंगळवारी बंदी उठली. बाईंनी तोच कागद ढलप्यांखाली सारून बंब पेटवला, कढत पाण्यानं न्हाल्या आणि ओल्या केसांनीच रानात गेल्या. कणीस चोळलं, दाणा दाताखाली धरला. कट्ट वाजला.

"शनिवारी पेटवली असतीस तर तुझ्याही तोंडात पडला असता," जयसिंग म्हणाला.

बाईंनी तो दाणा चावून संपवला.

"काढणी करून टाक," त्या म्हणाल्या. "आणि पसाभर त्या बार्शीवाल्याला नेऊन दे. म्हणावं, कुंडीत पेर. पुढच्या सालचा हुरडा तुझ्या गॅलरीत."